बिनरिकिबीचा स्वार

पुण्यात जिवंत माणसांच्या बाजूने भांडणारे पुष्कळ भेटतील; पण प्राचीन इराणी घोडेस्वाराचा अपमान झाला म्हणून न जेवता झोपणारा माणूस मी एकच पाहिला : माझ्या बायकोचे मामा. बँकेतून निवृत्त, राहायला वारज्यात, मनाने ससानियन घोडदळात. भाजी घेतानाही ते भाजीवाल्याला सांगत, की हा स्वार स्वतः लोखंडात आणि त्याचा घोडाही लोखंडात. तो बिचारा जास्तीची कोथिंबीर घालून सुटका करून घेई.

अपमान झाला एका व्याख्यानात. वक्ते म्हणाले, "अंगावर एवढं लोखंड, त्यात पाय ठेवायला रिकीब नाही. असा स्वार साध्या धक्क्यानेही पडेल." मामा उभे राहिले. "आपण बसून पाहिलंय?"

"नाही. आपण?"

"बसून दाखवतो."

झालं! गॅलरीत पत्रा आला. माशाच्या खवल्यांसारखे तुकडे कापायचे, भोकं पाडायची, चामड्याच्या वाद्यांनी एकावर एक ओवायचे. ठोकठोक ऐकून सोसायटीचे अध्यक्ष वर आले. "अहो, हे किती दिवस चालणार?" मामा म्हणाले, "ससानियन राज्य चारशे वर्षं चाललं. आपण दिवाळीपर्यंत दम धरा." डॉक्टरांनी घोड्याचं नाव काढायला मनाई केली, तर मामांनी डॉक्टरच बदलला.

शेवटी मांजरी गावच्या एका मोकळ्या रानात वरातीची घोडी ठरली. वक्त्यांना आग्रहाचं बोलावणं होतं, ते आलेही. स्टुलावर चढवून आम्ही तिघांनी चिलखतासकट मामांना वर ढकललं. घोडी हलेना. "बँडबिगर न्हाय चालत ती," म्हणत मालकाने मोबाइलवर वरातीचं गाणं लावलं, आणि घोडी जी नाचायला लागली! मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मामा वरच होते. मांड्या आवळलेल्या, पाय रिकिबीविना लोंबते, लगाम सोडलेला, दोन्ही हातांत लांबलचक भाला. सबंध रानाला फेरी मारून घोडी वक्त्यांपुढे थांबली.

"द्या धक्का," मामा म्हणाले.

"नको," वक्ते हसून म्हणाले, "पुढच्या व्याख्यानात दुरुस्ती करतो."

आता मामा जग डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण खाली उतरल्यावर ते नुसते स्टुलावर टेकले. मामी मागे उभ्या राहून पाठीवरच्या वाद्या सोडत होत्या. घामाने गाठी घट्ट झाल्या होत्या.

"सकाळी तूच बांधल्यास ना या?" मामांनी विचारलं.

"मग? तुमचा हात पोचतो का तिथं?"

 मामा हळूच म्हणाले, "त्या स्वारांच्याही कुणीतरी बांधल्या असतील गं. आणि संध्याकाळपर्यंत वाट पाहिली असेल."

 मामींनी शेवटची गाठ सोडली आणि पदराने त्यांची मान पुसली.