पत्र्यावरचा फुगा

आळेफाट्याला गाड्यांवर स्टिकरं लावणारा एक माणूस आहे. मी येडगावच्या शाळेची व्हॅन चालवतो, म्हणून आमची नेहमीची गाठ. स्टिकर चिकटवलं की तो डोळे मिटून त्यावर बोटं फिरवतो. एक सुरकुती लागली तरी अख्खं उपटून पुन्हा लावतो.

परवा दुपारी मुलांना घरी सोडताना फाट्यावर थांबलो, तर तो दुकानातून उठून व्हॅनपाशी आला. मागच्या पत्र्यावर त्यानेच चिकटवलेलं शाळेचं नाव मधोमध फुगलं होतं.

"उन्हानं फुगलं असंल," मी म्हणालो.

"ऊन तर पल्याडच्या अंगाला हाये." त्याने पत्र्याला तळवा लावला आणि झटकन काढला. "भाऊ, आदी पोरं उतरवा."

त्याचा आवाज चढला नव्हता, तरी मी धावलो. मुलं उतरताच त्याने बॅटरीची वायर काढली. आतलं कव्हर उघडलं तर वायरी वितळून काळ्या पडल्या होत्या, शेजारच्या सीटचा फोम करपला होता.

"तुमाला कळलं कसं?" मी विचारलं.

"कडंला फुगलं तर माजी चूक. मदीच फुगलं आन् गरम लागलं, मंजी आत कायतरी जळतंय."

मी हात जोडले. तो अवघडला आणि मुलांना पाणी द्यायला निघून गेला.