पाव फेरा

सायकल दुरुस्तीच्या त्या दुकानाला पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. "मिलिमीटरकडे टाक," एवढं म्हटलं की पुरे. मालकाचं हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. चाकाचा आउट काढायला, म्हणजे लटपटणारं चाक सरळ करायला बसला की गडी तहानभूक विसरायचा. गिऱ्हाईक घड्याळ बघत म्हणायचं, "काका, चालेल की एवढं." हा चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचा, "अजून एक मिलिमीटर आहे." झालं! त्या एका मिलिमीटरपायी अर्धा तास. बायको म्हणायची, "घरातली खाट तीन वर्षं डुगडुगतेय, ती नाही दिसत ह्यांना. लोकांच्या चाकातला मिलिमीटर बरा दिसतो!"

त्याला एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायला लागले आणि तेच नाव पुढे चिकटलं. भिंगरी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. लॅब हमरस्त्याला लागून, घरापासून तेरा किलोमीटर. बसने जा म्हटलं तर बाईसाहेबांनी नाक मुरडलं. मग बापाने तिला सायकल बांधून दिली. बांधून म्हणजे खरंच बांधून. एकाने अडगळीत टाकलेली हलकी फ्रेम उचलून आणली, तिला बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल लावलं, दोन्ही चाकं एकेक स्पोक ओवून स्वतः उभी केली. सीटची उंची ठरवायला लेकीला दहा वेळा चढवली-उतरवली. महिना गेला त्यात. पण सायकल अशी झाली की चाक उचलून हलकेच टिचकी मारून सोडलं, तर थांबतानासुद्धा ते एकदम थांबायचं नाही. हवेच्या व्हॉल्व्हचं काय ते वजन, तेवढ्यानेच मागेपुढे झुलत राहायचं. मिलिमीटर ते झुलणं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

भिंगरी पुढे रविवारच्या ताफ्यात जायला लागली. पंधरा-सोळा जण पहाटे हमरस्त्याने चाळीस किलोमीटर जाऊन यायचे. पुढारी होता बँकेतून निवृत्त झालेला एक गृहस्थ; पोट सुटलेलं, पाय मात्र लोखंडाचे. सगळे त्याला कप्तान म्हणत. त्याची शिस्त कडक. हेल्मेट नाही, मागचा लाल दिवा नाही, तर घरी जा. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने हात खाली करून दाखवायचा, मागून वाहन आलं की शेवटच्याने "गाडी!" म्हणून ओरडायचं आणि ती ओरड एकेकाने पुढे न्यायची. दोन-दोनच्या रांगेने चालायचं, म्हणजे ट्रकवाल्याला दुरूनच काहीतरी मोठं दिसतं आणि तो बाजू देतो. वेग ठरलेला. जो मागे पडेल त्याने आपलं आपण पुलापर्यंत यायचं, तिथे बाकीचे भेटतील. आणि वर्षातून एकदा दीडशे किलोमीटरची मोठी फेरी. भिंगरीने त्या फेरीचा ध्यासच घेतला होता. लॅबमधल्या कॅलेंडरवर तिने त्या तारखेभोवती तीन वर्तुळं काढली होती.

सगळं कसं छान चाललं होतं. आणि मग एका सकाळी टेम्पोतून मास्तरांची सायकल आली.

मास्तर म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारे, मिलिमीटरचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. रोज सायकलने शाळेत जायचे. टेम्पोतून त्यांचा भाऊ उतरला. त्याने घडी घातल्यासारखी दुमडलेली सायकल खाली ठेवली आणि म्हणाला, "मागून ट्रक आला. ते गेले. बघा, हिचं काही होण्यासारखं आहे का." सायकलचा मागचा लाल दिवा अजून लुकलुकत होता. तो मिलिमीटरनेच लावलेला, पंधरा दिवसांपूर्वी.

भाऊ गेल्यावर त्याने ती सायकल तपासली. ब्रेक चोख, चेन चोख, टायर नवे. कुठेही काही चुकलेलं नव्हतं. चूक सापडली असती तर बरं झालं असतं हो! निदान पुढच्या सायकलीत ती होऊ दिली नसती. पण ज्यात खोटच नाही ते दुरुस्त काय करणार?

"उद्यापासून बसने जायचं," संध्याकाळी त्याने लेकीला सांगितलं.

"बाबा, माणसं जिन्यावरून पडूनसुद्धा मरतात."

"मी जिन्याचं बोलत नाहीये!"

"मग मीही बसचं बोलत नाहीये."

बायको आतून म्हणाली, "अहो, अडवाल तर दुप्पट जाईल. कुणावर गेलीय?" आणि विषय संपला. म्हणजे त्यांचा संपला. ह्याचा जीव मात्र टांगणीलाच.

शनिवारी दुपारी मायलेकी झोपल्या होत्या. मिलिमीटरने भिंगरीची सायकल उलटी केली. दोन्ही चाकांच्या आसावर जे कोन असतात, ज्यांच्यामध्ये छर्रे फिरतात, ते त्याने पाव फेरा जास्त आवळले. मग ब्रेकचे रबर रिमला जेमतेम टेकतील असे आत घेतले, आणि आवाज होऊ नये म्हणून त्यांच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. ज्या हातांनी कधी कुणाचं चाक मिलिमीटरभर वाकडं सोडलं नाही, त्या हातांनी! सायकल चालत होती, फक्त जड. हळू चालेल, दमेल, कंटाळेल, आपणहून सोडेल, एवढाच त्याचा हिशोब. लेकीला फसवतोय असं त्याला वाटलंच नाही. वाचवतोय असं वाटलं.

पण भिंगरी कंटाळणाऱ्यांतली नव्हती. पहिल्या रविवारी ती ताफ्याच्या शेवटी राहिली. दुसऱ्या रविवारी पूल येईपर्यंत पार मागे. घरी येऊन म्हणाली, "पायांत जोरच नाही माझ्या." लॅबमध्ये तिने स्वतःचं रक्त स्वतः तपासलं, तीनदा. लोह बरोबर, साखर बरोबर, सगळं बरोबर. मग पहाटे पाचला उठून जिन्याने वर-खाली करायला लागली. तिच्या धापा त्याला अंथरुणात ऐकू यायच्या. तो रोज मनाशी म्हणायचा, आज कोन सैल करतो. आणि रोज डोळ्यांपुढे तो लाल दिवा लुकलुकायचा. अवघड जागेचं दुखणं. सांगताही येईना, सोसताही येईना.

एका संध्याकाळी कप्तान दुकानात आला. हसत म्हणाला, "तुमची लेक भांडली हो माझ्याशी! मी म्हटलं, चाक अडतंय का बघू, दुसरीकडे एकदा दाखव. अशी उसळली! मला हात लावू देईना. म्हणे, हे चाक माझ्या बाबांनी लावलंय, ह्यात दोष निघाला तर मी सायकलचं नाव घेणार नाही."

मिलिमीटर हातातल्या चेनला तेल देत बसला. त्या चेनला आधीच तेल दिलेलं होतं.

त्या रविवारी तो न सांगता पहिल्या बसने निघाला आणि पुलाच्या अलीकडे उतरून टायरच्या एका दुकानाआड उभा राहिला. थोड्या वेळाने ताफा आला. दोन-दोनची रांग, सगळ्यांचे लाल दिवे. "गाडी!" अशी ओरड मागून पुढे गेली. मागचा ट्रक हळू झाला, बाजू देऊन लांबून निघून गेला. केवढं बरं वाटलं त्याला! हे एवढं नीट असतं होय, असं तो चक्क मोठ्याने म्हणाला. मग तो मोजायला लागला. एक मिनिट, दोन, चार. सहाव्या मिनिटाला ती आली. एकटी. मान खाली घालून पायडल रेटत होती. तिच्या मागे "गाडी" म्हणून ओरडायला कुणी नव्हतं. एक ट्रक आला आणि बाजूबिजू काही न देता तिच्या खांद्याला लागून गेल्यासारखा गेला. वाऱ्याने ती हेलपाटली, सावरली, पुन्हा मान खाली घालून निघाली.

मिलिमीटरला उमगलं. करायला गेलो काय आणि झालं काय! हळू म्हणजे सुखरूप, असं ह्याचं गणित. आणि ह्याच्या पाव फेऱ्याने पोरीला सोळा जणांतून काढून ट्रकांच्या पुढ्यात एकटं सोडलं होतं.

भिंगरी दुपारी आली ती हेल्मेट खुंटीला लावून सरळ झोपली. ह्याने सायकल उलटी केली. चाकं उघडून बघतो तर आवळलेल्या कोनांवर चरे पडलेले, छर्रे झिजलेले. सगळं नवं घातलं. ब्रेकचे रबर नवे घातले. आउट काढला. जुने छर्रे-कोन-रबर भंगारच्या डब्यात टाकले, आणि सोमवारी सकाळी भंगारवाला तो डबा रिकामा करून घेऊन गेला. आता इथे हा माणूस चुकला. आधी तोंड उघडायचं, मग पाना उचलायचा, की नाही? पण कारागिराची जात! बिघडलेली वस्तू पुढे ठेवून माफी कशी मागायची, आधी नीट करू, मग सांगू, असं त्याला वाटलं.

त्याच रविवारी संध्याकाळी चहा पिताना भिंगरीच म्हणाली, "बाबा, मोठ्या फेरीतून माझं नाव काढलं कप्तानांनी. बरोबरच आहे त्यांचं. एकटीने मागून येणं धोक्याचं आहे, म्हणाले. सायकल मी लॅबमधल्या मैत्रिणीला देतेय. तिची जुनी धुडासारखी आहे, तीन वर्षं तीच रेटतेय बिचारी. हिचं तरी सोनं होऊ दे."

"अगं, थांब. एकदा चालवून बघ. मी जरा... नीट केलीय."

"तुम्ही काय नीट करणार? तिच्यात वाईट होतं काय?"

तो सांगणार होता. तेवढ्यात बायको बिस्किटं घेऊन आली आणि त्याने एक बिस्कीट चहात बुडवलं. सोमवारी मैत्रीण सायकल घेऊन गेली. त्या आठवड्यात तीनदा त्याने सांगायचं ठरवलं आणि तीनदा गिळलं. भिंगरी बसने जायला लागली. पहाटे जिन्यात चढउतर नाही, लॅबचं काही बोलणं नाही. आईने विचारलं तर म्हणायची, "दमले गं." बाविसाव्या वर्षी पोर म्हाताऱ्यासारखी गुडघ्यावर हात ठेवून उठायची.

पुढच्या सोमवारी सकाळी मैत्रीण सीट थोडी खाली करून घ्यायला दुकानात आली. भिंगरी दुकानावरच्या घरातून उतरून बसला निघतच होती. ती पोरगी तोंडभरून बोलत सुटली. "काका, काय सायकल आहे हो! पाय लावायचा अवकाश, पळतेच! काल ताफ्याबरोबर गेले, पहिल्याच दिवशी कप्तानांच्या बरोबरीने पुलापर्यंत! मोठ्या फेरीत नावसुद्धा घातलं माझं!" मग एकदम तिच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली.

भिंगरीने पाना घेतला. स्वतः तिची सीट खाली केली, बोट लावून उंची बघितली, म्हणाली, "हेल्मेटचा पट्टा आवळ, सैल आहे. आणि खड्डा दिसला की हात दाखव, विसरू नकोस." मैत्रीण गेली. भिंगरी वळावरून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"बघितलंत बाबा? सायकल वाऱ्यासारखी पळते. म्हणजे मीच कमी पडले. एका अर्थी बरं झालं, मनात शंका राहिली नाही."

"तू कमी पडली नाहीस!" मिलिमीटर ओरडलाच. "कोन मी आवळला होता. पाव फेरा, दोन्ही चाकांचा. ब्रेक घासत ठेवले होते. मुद्दाम! मास्तर गेले म्हणून भ्यालो मी, भिंगरे. तुझ्या पायांत काही कमी नव्हतं, मीच तुझे पाय ओढून धरले होते!"

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसली. "बाबा, तुम्हाला धड खोटंही बोलता येत नाही. परक्याच्या चाकात केसाएवढा आउट राहिला तर तुम्हाला जेवण जात नाही. तुम्ही माझा कोन आवळणार? तुम्ही?"

"खरं सांगतो! छर्रे झिजले होते, दाखवतो तुला..." तो डब्याकडे धावला. डब्यात आठवड्याभराचे पंक्चरचे तुकडे होते. "आईला विचार!" म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला आठवलं की त्या शनिवारी कोन आवळताना आईसुद्धा झोपलेली होती. "शपथ घेतो तुझी!"

"माझ्यासाठी खोटी शपथ नका घेऊ." तिने त्याचे ग्रीसने काळे झालेले हात हातांत धरले. "मला कळतं, तुम्हाला बघवत नाहीये. पण मी ठीक आहे. सगळ्यांना सगळं जमत नाही. आणि बाबा, हे असलं बाहेर कुणापुढे बोलू नका हं. मला बरं वाटावं म्हणून बोललात ते बोललात, पण लोकांना खरं वाटेल, आणि इतक्या वर्षांचं तुमचं नाव जाईल."

एवढं बोलून तिने रुमालाने त्याच्या बोटांवरचं थोडं ग्रीस पुसलं, पिशवी खांद्याला लावली आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.