त्या गावानं मत फिरवलं

बडोद्याच्या मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांना एक अजब नाद होता. गुजरात वेगळा झाल्यापासून डभोई तालुक्यातल्या कुठल्या गावानं कुणाला मतं दिली, हे ते वहीत टिपून ठेवत. मी फतेगंजच्या एका शाळेत शिक्षिका. त्या वर्षी लोकसभेच्या मतमोजणीला माझी नेमणूक झाली, तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त खूश झाले.

वहीतल्या एका गावावर बोट ठेवून म्हणाले, "हे गाव तुझ्याकडे आलं तर डोळे मिटून मोज. दर खेपेला सगळी मतं एकाच चिन्हाला."

आणि नेमकी त्याच गावाची पेटी माझ्या टेबलावर रिकामी झाली! पहिली मतपत्रिका उघडली, शिक्का भलत्याच चिन्हावर. दुसरी, तिसरी, तीच गत. एका बाजूचा गठ्ठा चढतच चालला.

"बेन, फरीथी गणो! पुन्हा मोजा!" जुन्या खासदाराचा माणूस ओरडला. "पेटी बदलली आहे!"

मतमोजणीवरच्या साहेबांनी पेटीचं सील तपासलं. शाबूत होतं. पुन्हा मोजलं, आकडा तोच. शेवटी मतदारसंघात खासदार जुनेच निवडून आले, पण ते गाव फिरलं होतं!

घरी सांगितलं तर वडील ताडकन उठले. "शक्यच नाही!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डभोईची बस पकडून गावात हजर. शिवारात कापूस वेचणाऱ्या एका आजीबाईंना वडिलांनी सरळच विचारलं, "बा, या वेळी असं काय झालं?"

त्या खळखळून हसल्या. "अहो भाई, आजवर पेटी मुखीच्या ओसरीवर असायची. गावचा मुखी समोर बाजेवर बसलेला. त्याच्या डोळ्यांदेखत दुसरीकडे शिक्का कोण मारणार? या वेळी पेटी नव्या शाळेत ठेवली. पडद्याआड मी एकटी!"

"मुखी चिडला असेल," मी म्हटलं.

"चिडला तर! पण त्याची बायको रांगेत माझ्याच पुढे होती. बाहेर येताना हळूच माझा हात दाबून गेली."

परतीच्या बसमध्ये वडिलांना राहवेना. आधी कंडक्टरला, मग पुढच्या बाकावरच्यांना, मग अख्ख्या बसला त्यांनी उभं राहून ही हकिकत सांगितली, अर्धी गुजरातीत, अर्धी मराठीत. एरवी मी लाजेनं खिडकीबाहेर बघितलं असतं. त्या दिवशी मात्र त्यांच्याकडून सुटलेलं मीच मधेमधे जोडत होते.