आई वर, पप्पा खाली

आई-पप्पांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव उमेळ्याच्या घरी थाटात झाला. सकाळी चर्चमध्ये कृतज्ञतेचा मिस्सा, दुपारी अंगणात मांडव आणि जेवणं, संध्याकाळी बँड. पाहुणे पांगल्यावर माझ्या मुलीने आजीला विचारलं, "आजी, तुला माझ्याकडून काय हवं?" आई फार तर साडी मागेल, नाहीतर वेलंकणीची यात्रा, असं मला वाटलं होतं.

आई म्हणाली, "मला त्या डब्यात बसायचंय. तारेवरच्या."

महामार्गापलीकडे डोंगराच्या अंगावर एक मोठं रिसॉर्ट झालं आहे. खाली गाड्यांचा तळ आणि वर पाण्याच्या घसरगुंड्या, खोटा किल्ला, आकाशपाळणा, राहायला बंगले. माणसांना खालून वर न्यायला रोपवे आहे. काचेचे बंद डबे एकामागून एक तारेला लटकत वर जातात, तिथे वळसा घेऊन खाली येतात, दिवसभर हे चालूच. महामार्गावरून जाताना आई बसच्या खिडकीला नाक लावून ते बघायची, एवढं मला माहीत होतं. तिच्या मनात त्यात बसायचं आहे हे मात्र तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पप्पा लगेच म्हणाले, "जा तुम्ही. मी गाड्यांवर लक्ष ठेवतो."

"गाडी एकच आहे, पप्पा," मी म्हटलं.

"मग त्या एकीवर ठेवतो."

पप्पा घाबरतात हे मला तोपर्यंत खरंच माहीत नव्हतं. माझ्या लहानपणी ते आमच्या वाडीतल्या माडांवर स्वतः चढायचे. कमरेला कोयता लावून सरसर वर जायचे आणि तिथून खाली उभ्या असलेल्या आईशी गप्पा मारायचे. गुडघे गेले तेव्हा चढणं सुटलं. अशा माणसाला उंचीची कसली भीती, असं कुणालाही वाटलं असतं.

पुढच्या शनिवारी शाळेला सुट्टी होती. मी तुळिंजच्या एका शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझ्या सगळ्या सहली सुट्टीच्या वारी. आई महोत्सवाचीच साडी पुन्हा नेसली, निळी, जरीच्या काठाची. जेवणाच्या डब्यात तळलेले बोंबील आणि भाकऱ्या घेतल्या, पिशवीत सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी. आम्ही चौघं पोचलो. तिकीटखिडकीवर मनगटाला पिवळा कागदी पट्टा बांधतात. तो असला की दिवसभर कितीही वेळा बसा. पप्पांनी पट्टा बांधून घेतला, पण डबे जिथे येऊन लागतात त्या फलाटापाशी गेले आणि कठड्याला धरून उभे राहिले.

डबा वरून आला. फलाटात शिरल्यावर त्याची चाल मंदावली, दारं आपोआप उघडली, पण तो थांबला काही नाही. गोगलगाईच्या चालीने पुढे सरकतच राहिला. तिथे हातात वॉकीटॉकी घेतलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, "काका, चालता चालता बसायचं. इझी आहे. टेन्शन नको."

"थांबत नाही?" पप्पांनी विचारलं.

"नाही ना काका, तो कंटिन्यू चालतो."

"मग मी थांबतो," पप्पा म्हणाले आणि सरळ मागे फिरून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

आई त्यांच्याकडे बघून हसली. मग साडी किंचित वर धरून ती टुणकन आत शिरली. आईचं माहेर पाचूबंदर. होडीत चढायची लहानपणापासूनची सवय. हलणाऱ्या वस्तूवर पाय कसा टाकायचा हे तिला शिकवावं लागत नाही. तिच्या मागून माझी मुलगी गेली. दारं मिटली आणि दोघी वर निघाल्या. आई काचेवर तळवा टेकवून पप्पांना काहीतरी सांगत होती, ऐकू काहीच येत नव्हतं.

मी पप्पांजवळ बसले. त्यांनी मान वर करून तो डबा नजरेने धरून ठेवला. तो डोंगराच्या सोंडेवर पोचून दिसेनासा झाला तेव्हा म्हणाले, "पोचली." थोड्या वेळाने डबे एकेक करत खाली यायला लागले आणि एका डब्यात निळी साडी दिसली. पप्पा उठून उभे राहिले. डबा फलाटात आला, दारं उघडली, आईने आतूनच हात हलवला आणि ओरडली, "अजून एकदा!" दारं मिटली. डबा वळसा घेऊन पुन्हा वर.

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी तिच्याबरोबर विरारचं एक अख्खं कुटुंब होतं आणि सगळ्यांच्या हातात सुकेळी होती.

"ही उतरत का नाही?" पप्पा म्हणाले.

"मजा येतेय तिला."

"आता ही मजा संपायची कधी?"

मग माझा फोन वाजला. मुलगी होती. "मम्मी, आजी वर उतरलीय. भूक लागलीय म्हणते. पण आजोबा आल्याशिवाय जेवणाचा डबा उघडणार नाही म्हणते. आणि खालीही येणार नाही." मागून आईचा आवाज आला, "सांग त्याना, पानी पन प्यायलेली नाय मी!" आईच्या जिभेवर 'ण' काही अजून बसलेला नाही. मी रोज मुलांचे उच्चार सुधारते, आणि तिचा तो 'न' ऐकला की मला घरी आल्यासारखं वाटतं.

पप्पांनी ऐकलं. "राहू दे उपाशी," ते म्हणाले. रुमालाने चष्मा पुसला, खिशात ठेवला, पुन्हा काढून लावला. आणि एकदम उठले. "चल. आता विचार करत बसलो तर जाणार नाही."

फलाटावरच्या मुलीने त्यांचा एक हात धरला, मी दुसरा. डबा सरकत आला. पप्पा आत गेले ते बाकड्यावर बसलेच नाहीत. सरळ खाली जमिनीवर बैठक मारली, पाठ बाकड्याला टेकवली, डोळे गच्च मिटले आणि माझा पाय घोट्यापाशी धरला. फलाट सुटला. डबा जरा डुलला आणि माझ्या घोट्यावरची पकड घट्ट झाली. ते पुटपुटत होते. मला वाटलं मला काही सांगताहेत, तर नमो मरियाची प्रार्थना चालू होती.

"पप्पा, तुम्ही तर माडावर चढायचात."

"माडाला मिठी मारता येते," ते डोळे न उघडता म्हणाले. "माड जमिनीत असतो. याला मी कुठे मिठी मारू?"

निम्म्या वाटेवर डबा थांबला. वर कुणाला तरी चढायला वेळ लागत असावा. वारा होता, आम्ही झोक्यासारखे हलत होतो. पप्पांनी माझा दुसरा घोटाही धरला. त्यांचं लक्ष दुसरीकडे न्यावं म्हणून मी विचारलं, "तुम्ही आईला पहिल्यांदा कुठे पाहिलंत?" ही गोष्ट मी कधीच ऐकली नव्हती.

"पाचूबंदरलाच. बघायला गेलो होतो." त्यांचा आवाज हळूहळू मोकळा झाला. "तिचे वडील म्हणाले, या, होडीतून फेरी मारू. मी वाडीवाला माणूस. विहिरीबाहेरचं पाणी मला कधी आवडलं नाही. पण नाही कसं म्हणणार? बसलो. होडी हलली आणि मी असाच खाली बसलो, आत्ता बसलोय तसाच. तुझी आई होडीच्या टोकाला उभी होती. हसली नाही. मला वाटलं, संपलं, आता हे लग्न होत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा होकार आला."

"मग?"

"मग काय, तू आहेसच की."

डबा पुन्हा हलला. मी मोठ्याने हसत होते आणि पप्पाही मिटल्या डोळ्यांनी हसत होते.

वर फलाटावर आई वाट बघत उभी होती. पप्पा जमिनीवर बसलेले तिने बघितले. त्यांना हात देऊन बाहेर काढलं आणि म्हणाली, "आलात? चला, बोंबील गार झाले." आम्ही खोट्या किल्ल्याच्या सावलीत जेवलो. आईने दोन भाकऱ्या खाल्ल्या. ती सारखी बोलत होती. वरून सगळी वसई दिसते, उमेळ्याच्या वाड्या दिसतात, त्यात उभ्या राहिलेल्या इमारती दिसतात, मिठागरं आरशासारखी चमकतात, आणि पाठीमागे थेट समुद्र. पप्पा ऐकत होते, पण एकदाही कठड्यापाशी गेले नाहीत.

उतरायची वेळ आली. कर्मचाऱ्यांची जीप रस्त्याने खाली जाते, तिच्यातून जाता येईल का हे पप्पांनी तिथल्या दोघांना विचारून घेतलं. जीप संध्याकाळी जाणार होती. म्हणून पुन्हा डबाच.

या वेळी पप्पा आत शिरून जमिनीवर बसले, आणि त्यांच्या शेजारी आईही बसली. ती जरीची साडी नेसून, गुडघे पोटाशी घेऊन.

"आजी, तू वर बस ना," मुलगी म्हणाली. "तुला दिसणार नाही."

"दिसतंय मला," आई म्हणाली. दार खालपर्यंत काचेचं होतं. पप्पांचा हात तिने मांडीवर घेतला आणि जे दिसेल ते त्यांना सांगू लागली. "आता झाडं आहेत. आता रस्ता आला. एक ट्रक चाललाय, लाल. आता तुमचं उमेळा. तो बघा चर्चचा मनोरा. बघू नका, मी सांगते. आता खाडी."

मी आणि मुलगी बाकड्यावर बसून त्या दोन पांढऱ्या डोक्यांकडे बघत होतो. दोघींनीही मोबाइल बाहेर काढला नाही.

खाली पोचलो. दारं उघडली. आम्ही दोघी पटकन उतरलो आणि त्यांना उठवायला हात पुढे केले. पप्पांचे गुडघे आखडले होते. आईने जोर लावला, तर तिचाच पाय साडीत अडकला आणि ती परत खाली बसली. पप्पा तिला धरायला गेले आणि तिच्यावरच रेलले. मग आईला हसू फुटलं. आई हसायला लागली की तिच्या अंगातलं बळ जातं, आणि तिला बघून पप्पाही हसायला लागले. डबा सरकत होता. वॉकीटॉकीवाली मुलगी मशीन थांबवायला धावली. आईने तिला हाताने थांबवलं. "र्‍हाऊ दे गं! जाऊ दे आमाला!"

वॉकीटॉकीवालीने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. दारं मिटली आणि आई-पप्पा जमिनीवर बसल्याबसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत, पुन्हा डोंगरावर निघाले.

"काकी भारी आहेत," ती मुलगी म्हणाली.

आम्ही तिघी फलाटावर उभ्या राहिलो. त्या फेरीत वर काय बोलणं झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. मी आईला दोनदा विचारलं, तिने दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. डबा परत आला तेव्हा दोघं बाकड्यावर बसलेली होती, एकमेकांना चिकटून. पप्पांचे डोळे मिटलेलेच होते. आईचं सांगणं चालू होतं. या खेपेला त्या मुलीने मशीन पूर्ण थांबवलं. आम्ही दोघांना आरामात उतरवलं.

"पप्पा, बघितलंत का काही?" मी विचारलं.

"छे. पण राजोडीच्या समुद्राला भरती आहे म्हणते ही." पप्पांनी डोळे उघडले, जमिनीकडे बघितलं, एक पाय आपटून खात्री केली आणि म्हणाले, "चहा कुठे मिळतो इथे?"

चहाच्या टपरीवर आईने त्या वॉकीटॉकीवाल्या मुलीलाही बोलावून घेतलं आणि पिशवीत उरलेली सुकेळी तिच्या हातात दिली. ती तुळिंजचीच निघाली, माझ्या शाळेच्या मागच्या गल्लीतली. पप्पांनी दोन कप चहा घेतला. मग आईने विचारलं, पट्टा दिवसभर चालतो म्हणतात, आता वाजले किती.