तो पाठवील कुणाला तरी

फोन काकांचा होता. "नीला, काकू गेली," ते म्हणाले आणि लगेच, "जेवून निघ. इथे आज चूल पेटायची नाही." मी फोन ठेवला, ताट वाढून घेतलं आणि खरंच जेवले. आम्ही आता राहतो त्या जानकीपुरमहून त्यांच्याकडे मानक नगरला जाताना टेम्पोत शेजारची बाई कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होती, मी "अच्छा... अच्छा" म्हणत होते. आता महिना उलटून गेला. रडू अजून आलेलं नाही.

सुधाकाकू आमच्या नात्यातल्या नव्हत्या. लग्न होऊन मी साताऱ्याहून लखनौला आले, तेव्हा मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत त्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहत. काका इंजिनिअर, पुरावा मिळाल्याशिवाय देवालाही हात जोडणार नाहीत असे. काकूंचं उलट. गॅस संपला, पाहुणे दारात आले, नळ कोरडा पडला, की त्यांचं एकच, "तो पाठवील कुणाला तरी." पण म्हणून बसून राहत नसत, पदर खोचून स्वतःच निघत. मला सुरुवातीला हसू यायचं.

माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या वेळी शहरात कर्फ्यू लागला होता. माझा नवरा कानपूरला अडकलेला, काका ऑफिसातच राहिलेले, आणि थंडीतल्या एका सकाळी मला कळा सुरू झाल्या. काकूंनी माझ्या अंगावर शाल टाकली. "चल."

"कशानं जायचं, काकू?"

"ते वाटेत कळेल."

कॉलनीच्या फाटकाबाहेर आम्ही दोघी उभ्या राहिलो. धुकं इतकं की समोरचं झाडही दिसेना. मग दुधाच्या कॅनचा खडखडाट ऐकू आला. शहराबाहेरच्या बख्शी का तालाबहून निघालेला दूधवाला, कर्फ्यूचा पास घेऊन शहरात आलेला, धुक्यात वळण चुकला होता. गाडी थांबवून त्यानं विचारलं, "बहनजी, ये सड़क कहाँ जाती है?"

"अस्पताल," काकू म्हणाल्या.

कॅनच्या मध्ये, काकूंच्या कुशीत डोकं खुपसून मी गेले. मुक्ता दुपारच्या आत झाली. तेव्हापासून मी काकूंच्या त्या वाक्याला हसणं सोडलं. पण एक गोष्ट मनात सलत होती. काकूंचा एकुलता एक मुलगा, अनिल, मी तिथं यायच्या आधीच स्कूटरच्या अपघातात गेला होता. बाहेरच्या खोलीत त्याचा फोटो होता, बोलणं मात्र कधी नाही. एका दुपारी हलव्यासाठी गाजरं किसताना मी विचारून बसले, "काकू, तेव्हा का नाही पाठवलं त्यानं कुणाला?"

त्यांनी किसणी खाली ठेवली. "पाठवलं होतं गं. एक रिक्षावाला होता. शेवटपर्यंत अनिलचं डोकं मांडीवर घेऊन बसला... पाणी पाजलं, बोलत राहिला. मी वाचवणारा मागत होते. आला तो मांडी देणारा."

"पटतं तुम्हाला?"

"रोज नाही पटत," त्या म्हणाल्या आणि पुन्हा किसू लागल्या.

तेराव्यानंतर काकांनी माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. आत लहान मुलाचा स्वेटर होता, सुयांसकट. एक बाही झालेली, दुसरीचा पत्ता नाही. काकू दर हिवाळ्यात असा एक विणत, कुणासाठी ते न ठरवता. त्या मापाचं मूल कुठून तरी समोर यायचंच. घरी मुक्तानं बाहीत हात घालून पाहिला. तिला ती आखूड झाली. "मम्मी, ये किसका है?"

"अजून माहीत नाही."

काल काका घरी आले. त्या स्वेटरच्या लोकरीचा एक तुकडा खिशात घालून अमीनाबादच्या दुकानांतून हिंडले होते. तिथून आणलेली लोकर पुढे करत, "उजेडात धरून बघ, रंग जुळतो का," म्हणाले. जवळजवळ जुळत होता. मी टाके घातले, चुकले, उसवले, पुन्हा घातले. काका समोर बसून लोकरीचा गुंडा करत होते. स्वेटर कुणाला होणार, हे त्यांनी विचारलं नाही.