सतरापैकी पंधरा

अनंत चतुर्दशीनंतरचा पहिला सोमवार. रक्कम ऐंशी हजार रुपये. जागा मेव्हण्याचं रोह्याचं घर. हजर तो, त्याची मोठी बहीण म्हणजे माझी बायको, आणि मी. विमान कंपनीची रोह्यातली तिकीट एजन्सी घेण्यासाठी अनामत म्हणून भरायचा ड्राफ्ट मी माझ्या हाताने पाकिटात घातला.

मेव्हणा रोह्याजवळच्या धाटावला एका रसायनांच्या कारखान्यात सोळा वर्षं ऑपरेटर होता. दोन वर्षं धाप लागत होती. तिथून बाहेर पडा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नोकरी सोडून मिळालेला फंड म्हणजे हे ऐंशी हजार. एजन्सी चालली तर त्या गेटातून पुन्हा आत जायला नको.

आणि ती चालेल, असं मीच सांगितलं होतं.

मी पेणहून रोज मुंबईच्या विमानतळावर याच कंपनीच्या कामाला जायचो. कंपनी नवी, भाड्याची दोन विमानं, सतरा सीटांची. मुंबईहून सुरत आणि हुबळी. विमान लहान, त्यामुळे प्रत्येक प्रवाशाला बॅगेसकट काट्यावर उभं करून कोणत्या सीटवर किती वजन हे कागदावर मांडावं लागे. ते माझं काम. श्रावणात लागलो होतो. गणपतीच्या सुटीवर जाण्याआधी मी तेव्हापासूनच्या कागदांची बेरीज केली होती: प्रत्येक फेरीला सरासरी पंधरा सीट भरलेल्या. धाटावचे इंजिनिअर कामासाठी सुरतेकडे जातच असत.

"भावोजी, तुमचा आकडा कधी चुकलेला नाय," मेव्हणा म्हणाला.

"अरे, दिवाळी तरी जाऊ दे," बायको म्हणाली.

"दिवाळीपर्यंत घरात बसून काय करू गो ताय? फराळ?"

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "आठ दिवसांत तीन तिकिटं. तुमचे ते पंधरा जण गेले कुठं?"

त्या रविवारी मी कागदांच्या प्रती पुन्हा काढल्या. या वेळी सीटांऐवजी वजनाचा रकाना वाचला. चौदा किलो. सोळा. पंधरा. पुन्हा चौदा. सोळा किलोचा माणूस सुरतेला कामाला जात नाही. पंधरापैकी नऊ सीटांवर पेणचे गणपती होते.

खालच्या सामानात मूर्ती टाकायला आमचे कारखानदार तयार नसत. माती फुटते, आणि देव लोकांच्या पायाखाली कसा ठेवायचा? म्हणून अर्ध्या भाड्यात एका सीटवर एक खोका. पट्टे मी स्वतः बांधले होते आणि 'सीट भरलेली' असं लिहिलं होतं. पेणमध्ये वाढलेल्या माणसाला गणपती म्हणजे माल असं वाटतच नाही. परतीचे कागद तिकडे होत, ते मी कधी मागितले नाहीत. गणपती परत येत नाहीत. विमानं जवळजवळ रिकामी येत होती.

मी रोह्याला जाऊन सगळं सांगितलं. मेव्हणा आधी हसला, मग बराच वेळ खोकत राहिला.

"म्हणजे माझं गिऱ्हाईक आता पुढच्या वर्षीच येणार!"

अनामत परत मागितली. करार वर्षाचा होता, कंपनीने नकार दिला. माघात एक विमान त्याच्या मालकाने उचलून नेलं. इंधनवाले रोख मागू लागले, आमचे पगार थांबले. अक्षय तृतीयेला सुरू झालेली कंपनी होळीला बंद पडली. ऑफिसला कुलूप लागलेलं मी स्वतः पाहिलं, तरी पुढचे तीन सोमवार जाऊन पाहत राहिलो.

मेव्हणा त्याच गेटातून पुन्हा आत गेला, ठेकेदाराचा माणूस म्हणून, पूर्वीच्या पगाराच्या निम्म्यावर. बायको भावाची चौकशी माझ्यासमोर करीनाशी झाली.

चार वर्षांनी कोर्टाने नेमलेल्या अधिकाऱ्याचं पत्र आलं. आधी कामगारांचे पगार. एजंटांच्या अनामतीसाठी काही उरत नाही. माझे थकलेले एकोणतीस हजार चारशे मिळाले. त्याच दिवशी आम्ही दोघं रोह्याला गेलो. मेव्हणा पहिल्या शिफ्टहून आला होता. पायरीवर बसून श्वास जमवत होता.

"हा तुमचा पगार हाय, भावोजी."

"मोजून घे."

त्याला सलग मोजवेना. मधे दोनदा थांबला. शेवटी बायकोने नोटा घेतल्या आणि मोजून त्याच्या हातात दिल्या.

मेव्हण्याला दिले, रोख: एकोणतीस हजार चारशे. राहिले पन्नास हजार सहाशे.