रेडिओबाईंची बडबड

सोनोग्राफी विभागातल्या डॉक्टरबाईंना सगळं हॉस्पिटल पाठीमागे ‘रेडिओ’ म्हणे. तोंडाला म्हणून उसंत नाही. पोटावर जेल लावताना जे सुरू होई, ते पुसून होईपर्यंत. "गार लागेल हं राणी. बघ, स्वारी कशी हातपाय ताणून पसरलीय!"

या बडबडीला कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला स्क्रीनवर काही वावगं दिसलं की त्या गप्प होत, आणि टेबलावरच्या बाईला तेवढ्यावरूनच सगळं कळून चुके. मग त्यांनी शिस्तच लावून घेतली. काहीही दिसो, जीभ थांबवायची नाही. सगळी मापं घ्यायची, बाईला शेजारच्या खोलीत खुर्चीवर बसवायचं, नवऱ्याला आत बोलवायचं आणि मगच काय ते सांगायचं.

घरी मात्र हा रेडिओ नुसता खरखरे. धाकट्या बहिणीला तर त्या उठता बसता फैलावर घेत. चष्मा कुठे हरवलास, फोन का उचलत नाहीस, एक ना दोन. धाकटीही निर्लज्जासारखी हसे आणि पुन्हा चष्मा हरवी.

बरीच वर्षं वाट पाहिल्यावर धाकटीला दिवस गेले. पाचव्या महिन्यात ती तपासणीला आली, तीही उशिरा.

"मशीन तुझ्यासाठी अडवून ठेवू का दिवसभर?" ताईने दारातच तोफ डागली. "चढ वर. पर्स कुठे ठेवतेस? खाली ठेव!"

डोकं पाहून झालं, कणा पाहून झाला. मग छाती आली. हृदय उजवीकडे ढकललं गेलं होतं. डावं फुप्फुस दिसायला हवं तिथे एक काळा गोल दिसत होता. ते जठर होतं. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भोक राहिलं होतं आणि खालचं सगळं वर चढलं होतं. पण बाईंचा हात थांबला नाही, जीभही नाही.

"गार लागतंय का गं राणी? स्वारी मजेत आहे अगदी. जरा कुशीवर वळतेस? शहाणी माझी!"

धाकटी वळली नाही. तिने मान उचलून बहिणीकडे पाहिलं.

"ताई, तू मला जन्मात कधी राणी म्हणाली नाहीस. काय झालंय बाळाला?"

शेजारच्या खोलीतली खुर्ची तशीच राहिली. बाईंनी टेबलापाशीच सगळं सांगितलं. जन्मानंतर ऑपरेशन करून भोक बुजवता येतं. पण बाळाला श्वास घेता येईल इतपत फुप्फुस वाढलेलं हवं.

"जगेल ना?"

अशा वेळची वाक्यं बाईंना तोंडपाठ होती. त्यातलं एकही बहिणीपुढे बाहेर पडेना.

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "उजवं फुप्फुस मोजलं की थोडा अंदाज येईल."

"मग मोज." धाकटी कुशीवर वळली. "आणि ताई, आता काही बोलू नकोस."

बाई गप्प बसल्या. डोळे भरून आल्यामुळे त्यांना फुप्फुसाची कडाच सापडेना.